माझी सदोष रायफल

३ ऑगस्ट
नवी एअर रायफल आली. थेट कारखान्यातून, सीलबंद. पुढच्या महिन्यात बिलासपूरला आंतर-ऑफिस नेमबाजी. आमच्या टीममध्ये शिशिर, नरहरी आणि मी. शिशिर माझ्याच सेक्शनचा, त्याच्याकडेही हीच रायफल. मागच्या वर्षी माझ्यामुळे हरलो असं लोक म्हणतात. तेव्हा क्लबची जुनी रायफल होती. आता प्रश्नच मिटला. बायकोला, अर्चनाला, शोकेसमध्ये ट्रॉफीपुरती जागा करायला सांगितली.

८ ऑगस्ट
छर्रे उजवीकडे जाऊन राहिले. नळी वाकडी. कोच शर्मिष्ठा मॅडम म्हणाल्या, तुम्ही ट्रिगर हळू दाबत नाही, झटका देता. आणि छर्रा सुटायच्या आत मान वर करून बघता. मॅडमना मशीनमधलं कळत नाही. कंपनीला ईमेल टाकला. सविस्तर.

१० ऑगस्ट, सकाळी
झोप झाली नाही. कंपनीचं उत्तर: नळी साफ करा, छर्रे बदलून बघा. केली. बदलले. आता डावीकडे जातात. म्हणजे नळी दोन्हीकडे वाकडी आहे.

१९ ऑगस्ट
शिशिरशी रायफल बदलून पाहिली. माझ्या रायफलीतून त्याचे छर्रे मधोमध. त्याच्या रायफलीतून माझे भिंतीवर. याचा अर्थ त्याची रायफलही खराब आहे, बिचाऱ्याला पत्ता नाही. त्याला समजावून सांगितलं. त्यानं आपली रायफल उचलून पेटीत ठेवली.

२ सप्टेंबर
कंपनीनं रायफल मागवून, तपासून परत पाठवली. सोबत टार्गेटचा कागद. शिकंज्यात आवळून झाडलेले सगळे छर्रे एकाच भोकातून गेलेले. हा काय पुरावा झाला? शिकंज्याला श्वास घ्यावा लागत नाही. त्याला साहेबही नसतो.

७ सप्टेंबर
ट्रिगर स्वतःच खोलला. यूट्यूबवर सोपं वाटतं. एक स्प्रिंग उडाली. अर्चनाला ती भिजवलेल्या साबुदाण्यात सापडली. "काहून खोलली जी? गॅरंटी गेली ना," म्हणाली. असल्या कंपनीची गॅरंटी ठेवून करायचं काय? स्प्रिंग धुऊन बसवली. ट्रिगर आता अगदी पूर्वीसारखा चालतो. दुरुस्ती यशस्वी.

१३ सप्टेंबर
उद्या स्पर्धा. बॅग भरली, उपसली, परत भरली. शिशिरचा फोन आला. त्याची अंबिकापूरला बदली झाली, ऑर्डर आजच निघाली. आपली ही शेवटची टीम, यंदा ट्रॉफी घेऊनच जाऊ, म्हणाला. मी शब्द दिला. रायफलीनं दगा दिला नाही तर प्रश्नच नाही.

१४ सप्टेंबर, संध्याकाळी
हरलो.
शेवटच्या छर्ऱ्यापर्यंत आम्ही पुढे होतो. मी मान वर करून लाईट, पंखा, पंच सगळं बघून घेतलं, परत नेम धरला आणि झाडला. माझं टार्गेट कोरं. तडक पंचांकडे गेलो, रायफल सदोष आहे म्हणून सांगायला. त्यांनी माझं ऐकता ऐकता शेजारचं, शिशिरचं टार्गेट उतरवलं. त्यावर एक भोक जास्त. बरोब्बर मधोमध. माझं.
इतका सुरेख छर्रा मी जन्मात झाडला नव्हता. माझ्या नावावर शून्य लागलं.
येताना शिशिर गाडी चालवत होता, नरहरी मागे झोपला होता. घर जवळ आलं, सिलतऱ्याच्या कारखान्यांचा धूर दिसायला लागला. तेव्हा शिशिर म्हणाला, "रायफल चांगली आहे बे तुझी."
मी खिडकीबाहेर बघत मान डोलावून "हव" म्हटलं.