माहेरचा तांब्या

आये, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी घमेल्यात पाणी खळबळलं की अजून माझी मान परसदाराकडं वळते.

उद्यमनगरातल्या पितळी ओतकामाच्या कारखान्यातून भट्टीची राख आणि जळका कीट पोत्यानं आपल्या घरी यायचा. तू तो मुसळीनं कुटायचीस, घमेल्यात घोळून घोळून धुवायचीस. काळं पाणी वाहून जायचं नि तळाला पितळेचे दाणे उरायचे. ते तोलून कारखान्यात परत, पुन्हा भट्टीत. मी एकदा ‘कचरा’ म्हणाले तर केवढी खवळलीस! "कचरा म्हनू नगंस. माल हाय त्यो. इस्वासानं दिलाय मानसांनी."

सातवीतली गोष्ट. दिवाळी तोंडावर आलेली. शाळेतल्या मैत्रिणी पहिल्यांदाच घरी येणार होत्या, आणि दाराशी ते काळं पोतं! तू पंचगंगेवर धुणं घेऊन गेलेलीस. मी मुलखाची आगाऊ, पोतं ओढत नेलं नि गल्लीतल्या खड्ड्यात रिकामं केलं. तू येईपर्यंत वरून दोन बैलगाड्या गेल्या होत्या. "आगं बया, काय केलंस ह्ये?" मी म्हणाले, "मला वाटलं केर हाय." केरसुणी घेऊन भर रस्त्यात बसलीस, माती झाडून पाटीत भरायला लागलीस. शेजारणी बघतायत, आणि नेमक्या तेव्हाच माझ्या मैत्रिणी आल्या. मी घरात पळाले.

दाणे कमीच भरले. कारखान्यातला मिस्त्री चारचौघांत म्हणाला, "मावशी, बाकीचं कुठं इकलं?" मी तुझ्यामागं उभी. तू माझं नाव घेतलं नाहीस. घरी आलीस, माहेराहून आणलेला पितळी तांब्या हातोडीनं चेपलास, आणि तसाच नेऊन त्याच्या तराजूत ठेवलास. "घ्या, भरलं न्हवं आता?" तो खाली बघत बसला. काम टिकलं, तांब्या भट्टीत गेला. त्या दिवाळीला मला अंघोळ घातलीस ती पत्र्याच्या डब्यानं. मी रडायला लागले तर वर माझीच समजूत काढलीस. "तुला काय ठावं लेकरा, केरच वाटला आसंल."

हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून तर लिहायचा धीर झाला. आये, मला ठावं होतं गं. पोतं ओढताना मला चांगलं ठावं होतं, त्यो माल हाय म्हणून.