ही कितव्यांदा तरली?

रत्नागिरी, रविवार

ती. बाबांना भाविकाचा नमस्कार.

मी बरी आहे. खोली शाळेजवळच मिळाली. आईचा गुडघा कसा आहे?

आठवीच्या मुलांना मी सुपारीच्या झावळीच्या रुंद देठाच्या, विरीच्या, होड्या करायला लावल्या. पाच दगड घेऊन टाकीत तरली पाहिजे, एवढीच अट. बुडाली तर का बुडाली ते वहीत लिहायचं आणि पुन्हा करायची. नम्रताची चौथी होडी तरली.

काल शिक्षण खात्याचे साहेब शाळेच्या पाहणीला आले. मुख्याध्यापकांनी बाजारातली तयार होडी टेबलावर मांडली आणि मुलांच्या होड्या, वह्यांसकट, कचऱ्यात टाकल्या. साहेबांनी शाबासकी दिली. नम्रताने मला विचारलं, "बाई, ही कितव्यांदा तरली?"

मी म्हटलं, "गप्प बस."

तुम्ही नवी होडी पाण्यात लोटलीत की पाझरेल तिथे कोळशाने खुणा करायचात. मी बघायला आले की ओरडायचात, "पोरींचं काम नाय हां, घरात जा." तो राग अजून गेलेला नाही. आणि काल माझा आवाज हुबेहूब तुमच्यासारखा निघाला.

साहेब खूश आहेत, नोकरी टिकेल. तेव्हा काळजी नको.

तुमचीच,
भाविका