जोडीला आणलेला मासा

बुधवार, वाशी

ऑफिसातून आलो, तर टाकीत एका गोल्डफिशची नुसती शेपटी तरंगत होती. नारिंगी, झालरीसारखी. खाली आमचा फ्लॉवरहॉर्न मासा ऐटीत फिरत होता.

"एकलाच हाय बिचारा, म्हनून जोडीला आनला," आई म्हणाली. अगं, हा मासाच मारकुटा! त्याला शेजारी कुणी खपत नाही, म्हणून तर त्याच्या एकट्यासाठी चार फुटी टाकी घेतली. पण एवढी मोठी जागा आणि त्यात एकच जीव, हे आईला बघवत नव्हतं.

जन्मभर बाजारात मासे कापून विकले तिने. आणि ती शेपटी काढायला तिचा हात पुढे होईना? शेवटी मीच जाळीने काढली.

सुरमई फ्रीजमध्ये तशीच आहे. बुधवार असून आज घरात वरणभात.