पुस्तकात नऊ होतं

१२ जून
पल्लवी आली, ताईची मोठी. नरखेडहून एसटीनं, एक बॅग नि लोणच्याची बरणी. दहावीला सगळ्यात पास, गणितात गेली. पुरवणी ७ जुलैपासून. निघाली तर पॉलिटेक्निकला इलेक्ट्रिकल, नाही तर वर्ष वाया. विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर पोरगी एकटी उघडून दुरुस्त करते अन् गणितात नापास! कसं काय बाप्पा? ऑफिसातून आलो की रोज दोन तास घेऊन बसणार. ताईला शब्द दिला आहे.

१४ जून
वही पाहिली. चार रंगांची पेनं, सूत्रं चौकटीत, उत्तराखाली पट्टीनं दुहेरी रेघ. लग्नाची पत्रिका वाटावी. "हेच गणित पुस्तक मिटून कर." म्हणे, "समजलं आहे मामा." करायला बसली तर दुसऱ्याच ओळीला गाडी बंद.
मोबाइलवर मास्तर गणित सोडवतो, ही मान हलवते. व्हिडिओ पाहून कोणी पोहायला शिकलं आहे का आजवर?

१७ जून
तिच्याच गाईडातून वर्गसमीकरणाची दहा शाब्दिक उदाहरणं दिली होती. दहाच्या दहा बरोबर! गाईड उघडलं, टिक टिक टिक. खूश. बायकोला म्हटलं, पोरगी हुशार आहे गं, तिचे मास्तरच भिकार.

१८ जून
जेवणाच्या सुट्टीत आकडे बदलून नवी गणितं काढत होतो. कालचं सहावं घेतलं. बाग, लांबी रुंदीपेक्षा पाचनं जास्त, क्षेत्रफळ चौऱ्याऐंशी. रुंदी सात आली. गाईडात नऊ. परत केलं, सातच. नऊ चवदा एकशे सव्वीस होतात, चौऱ्याऐंशी कुठून होणार! छपाईची चूक, सरळ. मग प.चं नऊ कसं आलं?
घरी येऊन तिची वही काढली. (क्ष + १२)(क्ष − ७) पर्यंत सगळं व्यवस्थित. खाली क्ष = ९. उजेडात धरलं तर नऊच्या खाली खोडलेला सात.
"काहून खोडलं वं?"
"पुस्तकात नऊ होतं, मामा."
"अन् तुले सात आलं होतं ना?"
"मले वाटलं माहंच चुकलं असन. शाळेत उत्तर जुळलं नाही तं उभं ठेवत होते."
डोकंच फिरलं. हातातलं बरोबर उत्तर खोडते पोरगी! इतका ओरडलो की बायको पोळी तव्यावर सोडून आली.
नंतर वही बंद करताना दिसलं. त्या नऊवर लाल पेनानं बरोबरची खूण. माझी. मी गणित तपासलंच नव्हतं, आकड्याला आकडा जुळवला. तिला काही बोललो नाही.

१९ जून
गाईड कपाटात, किल्ली माझ्याकडे. मोबाइल मामीकडे. उत्तर आलं की ताळा करायचा, आकडा परत गणितात घालून पाहायचा. खोडरबर बंद. दहापैकी दोन.

२२ जून
दहापैकी तीन. दर पाच मिनिटांनी, "उत्तर काय आहे मामा?" अरे, मी काय परीक्षेत तुझ्या बाकावर बसणार आहे? रडली. ताईला फोन केला वाटतं.
ताई: "तुले गणित येते म्हणून माह्या पोरीले रडवून राहिला का तू?"
मीही तापलो. "वर्षभर वही छान दिसते म्हणून तूच खूश होती ना!" फोन कट.
त्यात बायको. "पोरीले ओरडणं सोपं आहे. त्या नऊले टिक तुम्हीच केली, हे सांगितलं का तिले?" कधी पाहिली हिनं वही?

२३ जून
सांगितलं एकदाचं. प. खाली मान घालून म्हणाली, "माहीत आहे. तुम्ही टिक केली म्हणूनच मले वाटलं, बरं झालं खोडलं."
ऑफिसला गेलो.

३० जून
दहापैकी सहा. एकाच गणितावर चाळीस मिनिटं बसली. मी तोंड उघडणार तर बायकोनं डोळे वटारले. शेवटी आलं. ताळा आधी केला, मग मला दाखवलं. पण पेपर दोन तासांचा असतो. या चालीनं कसं होणार हिचं?

७ जुलै
पहिला पेपर. भूमिती परवा.
गेटवरच पोरं उत्तरं जुळवून राहिली होती. एका गणिताला एकाचं सहा, दुसरीचं सहा, सगळ्यांचं सहा. प.चं चार. चेहरा उतरला.
"ताळा केला होता?"
"केला. जमला."
"मग काय झालं?"
"पण सगळ्यांचं सहा आहे ना मामा."
शेवटची दोन गणितं तर वेळेअभावी सुटलीच नाहीत. म्हणजे हे एक गेलं तर काठावर. मी हात पुढे केला, आण तो पेपर. नाही म्हणाली.
"तुम्ही जे सांगान तेच मी खरं मानीन. राहू द्या."
पेपर बॅगेत टाकला. घरी येऊन जेवली, झोपली.
दुपारचे तीन. बॅग समोर खुर्चीवर, चेन अर्धी उघडी, पेपरचं टोक दिसतं आहे. निकालाला महिना आहे. चार की सहा, मला पाच मिनिटांत कळेल. बायको दोनदा म्हणाली, चहा थंड होऊन राहिला.