तांब्यावरचा कागद

पोरा, तुझी लेक समोर पेन घेऊन बसली आहे. मी बोलते, ती लिहिते. मला अक्षर येत नाही हे तुला ठाऊकच आहे. तू शिकवायला बसलास की मला नेमकी कालवणाची आठवण व्हायची. तू गेलास तेव्हा ही माझ्या मांडीवर मावत होती. आता एवढी उंच झाली आहे की मीच तिच्या मांडीवर मावेन.

माझ्या इस्त्रीचे तू काय हाल केलेस, आठवतं का? घरात एकच इस्त्री, तीही तुझ्या त्या सर्किटच्या बोर्डांपायी काळी झालेली. संगणकावर रेषा काढायचास आणि चौलच्या झेरॉक्सवाल्याकडून गुळगुळीत कागदावर उलट्या छापून आणायचास. तो मला म्हणायचा, मावशी, तुझा पोरगा सगळं उलटंच मागतो. मला उलटं काय नि सुलटं काय, सारखंच. मग तांब्याच्या पाटीवर तो कागद पालथा घालायचा आणि वरून कडकडीत इस्त्री. छापलेली काळी पूड वितळून तांब्याला धरते. पाटी पाण्यात भिजवून कागदाचा लगदा अंगठ्याने चोळून काढला की मागे नुसत्या काळ्या रेषा उरतात. रेषांखालचं तांबं वाचतं, बाकीचं ते तपकिरी औषध खाऊन टाकतं. "आये, तू दाब. तुझा हात जड हाय," म्हणायचास. "व्हय, तुझ्या पाठीला म्हायतीच हाय," मी म्हणायची, आणि दाबायची. होडीत पाणी भरलं की वाजेल असा भोंगा तुला करायचा होता. तुझा बाप म्हणायचा, पाणी शिरलं की पाय भिजतात, त्याला भोंगा कशाला?

त्या दिवशी इस्त्री झाली, माझ्याच हाताने, आणि बघतोस तर औषध संपलेलं. मोटारसायकल काढलीस. "आये, हात नको लावू हां तिला. अलिबागवरून आल्यावर भिजवतो." मी बोंबील साफ करत होते. म्हटलं, "मला मासळीला हात पुरंना, तुझ्या पाटीला कोण लावतंय?" तू हसलास. वळणावर समोरून टेम्पो आला. तुला घरी आणलं तेव्हा पाटी ओट्यावरच होती, गार झालेली.

तुझे कपडे वाटले, मी आड आले नाही. पाटी मात्र कागदासकट लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून कपाटात ठेवली. आल्यावर भिजवतो म्हणाला होतास ना? मग ती कोरडी होती तोवर तू यायचाच होतास. वेडेपणा आहे, कळतं मला. पण म्हातारीला थोडा वेडेपणा शोभतो.

तुझी लेक हेच शिकली. घरीच बोर्ड करते, माझ्याच नव्या इस्त्रीने. रक्त कुठं जाणार! कपाटात तिला पाटी सापडली, तेव्हापासून मागे लागली, "आजी, मी भिजवू?" आज अमावस्या आहे, मी म्हणते. आज सोमवार आहे. आज नळाचं पाणी मचूळ लागतंय. ती हसते आणि जाते. आता तिला पुण्यात नोकरी लागली. बॅग भरता भरता परवा म्हणाली, "मला बाबांचं काहीच आठवत नाय, आजी. एक तरी काम आमचं दोघांचं होऊ दे." मी तशीच उठले आणि कपाट उघडलं.

पाटी मीच पाण्यात सोडली. कागद हळूहळू फुगत होता, पोर अंगठ्याने चोळत होती, अगदी तुझ्यासारखी, जीभ दातात धरून. रेषा सगळ्या जागच्या जागी. कोपऱ्यात एक तुटली होती, ती तिने मार्करने जोडली. मग पाटी औषधात टाकली, भोकं पाडली, कथिलाने काय काय चिकटवलं. आता तुझा बापही नाही, होडीही नाही, म्हणून तिच्या दोन तारा पाण्याच्या बादलीत बुडवल्या. भोंगा असा केकाटला की तुझी बायको मागच्या दारातून धावत आली. मायलेकी गळ्यात पडून रडल्या. सगळे म्हणाले, बरं झालं. मीही म्हणाले.

पण खरं सांगते. पाटी पाण्यात होती तेव्हा मी मनात देवाला विनवत होते, निघून जाऊ देत सगळ्या रेषा, कोरी होऊ दे ती. बिघडली असती तर नीट करायला तूच लागला असतास. नीट आली, नि तुझं या घरात काहीच करायचं राहिलं नाही.

तुझ्या लेकीचं पेन थांबलं आहे. "आजी, हेपण लिहू?"

"लिही," म्हटलं. "न्हायतरी टपालात कुठं टाकायचंय?"