काकांचे कान

ता. ६ जुलै

चि. शेणशास्त्रीबाईस काकाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू सांगितलंस तसे कुरणात डबे पुरले, वर शेणाचे गोळे टांगले. काकू म्हणाली, लोक माशांसाठी गळ टाकतात, आमच्याकडे शेणकिड्यांसाठी. जे सापडलं ते बाटल्यांतून धाडतोय. शेणातच घर करणारे बारके पुष्कळ आहेत. गोळी करून ढकलत नेणारा एकच, तोही लंगडा. आणि शेणाखाली बीळ खणून ते आत ओढून नेणारा तो थोराड, ज्याला मी इंजिन म्हणतो, तो नाही.

दुसऱ्याच्या गोठ्यात शेण काढत होतो तेव्हापासून मी कानांवर जगलोय. रवंथ ऐकून सांगायचो, उद्या कुठली गाय चारा सोडणार. त्या कानांवरच हे कुरण उभं केलं. दिवेलागणीला इंजिनं अशी घोंघावत यायची की गाई माना वर करायच्या. यंदा रोज कुंपणाशी बसतो, पण काही नाही. शेणाचे पो जागीच वाळून ताटासारखे कडक होतात, खालचं गवत पिवळं पडतं, आजूबाजूच्या गवताला गाई तोंड लावत नाहीत. चंगळ फक्त माशांची.

बहुधा माझेच कान गेले असावेत. काकू तर लग्नापासून तेच म्हणतेय. बाटल्या बघून खरं काय ते लिही. कामाच्या नादात जेवण विसरू नकोस.

तुझा,
काका

ता. १९ जुलै

ती. काकांस कृ. सा. न. वि. वि.

बाटल्या पोचल्या. पोस्टमनने हात लांब करून दिल्या आणि पळाला.

सगळं भिंगाखाली पाहिलं. मी शाळेत असताना तुमच्याच कुरणात जमवलेल्या किड्यांची पेटी शेजारी ठेवली होती. तिच्यात एक शिंगवाला आहे, एक तांब्यासारखा चकाकणारा. कुणाला ताजं शेण लागायचं, कुणाला शिळं. कुणी उन्हात यायचा, कुणी सांजेला. कामं वाटून घेतलेली, म्हणून कुरण साफ राहायचं. बाटल्यांतले तुमचे बारके मात्र जवळजवळ सगळे एकाच जातीचे. ते बसल्या जागी खातात, जमिनीत काही नेत नाहीत.

इंजिनाचं तुमच्यापासून लपवत नाही. जिथे जिथे ते पूर्वी सापडलं होतं, तिथे आम्ही संस्थेतल्या लोकांनी सगळीकडे शोधलं, कुठेच नाही. उरलं होतं फक्त तुमचं कुरण; तिथेही नसेल तर आमच्या नोंदीत त्याच्यापुढे ‘नामशेष’ लिहावं लागेल. त्याची मादी अंडी मोजकीच घालते, एकेक अंडं शेणाच्या गोळ्यात ठेवते आणि पिल्लं होईपर्यंत जमिनीखाली राखण करत बसते. गाईंच्या जंतांचं औषध शेणातून उतरायचं आणि गोळ्यातलं पिल्लू आतच मरायचं. मोठे उडत होते म्हणून आपल्याला वाटलं, सगळं ठीक आहे. तुम्ही औषध आवरलंत, पण आता उडून यायला शेजारी कुणी उरलेलंच नाही.

डब्यांतून ते सुटलं असेल, असं होतं कधीकधी. पण तुम्हालाही ऐकू येत नाही, याची मला धास्ती वाटते. काका, कान तपासून घ्या. कान गेले असतील तर अजून आशा आहे. घरच्या माणसाचं वाईट चिंतायची ही पहिलीच वेळ, रागावू नका. काकूंना नमस्कार.

तुमची,
पुतणी

ता. २५ जुलै

चि. शेणशास्त्रीबाईस अनेक आशीर्वाद.

रागावतो कसला! काल दूधगाडीचा हॉर्न मला ऐकूच आला नाही. ड्रायव्हर शिव्या घालत आत आला आणि मी त्याला चहा पाजला. काकूनेही दोन हाका मारल्या म्हणे. मला एकच आली. लक्षणं चांगली आहेत. तारीख घेतलीय. तू धीर धर.

काका

ता. २ ऑगस्ट

चि. बाळ, अनेक आशीर्वाद.

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी बंद खोलीत बसवलं, कानांवर ते यंत्र चढवलं आणि म्हणाल्या, आवाज आला की बटण दाबा. गाईंच्या बाजारात मी भल्याभल्यांना गुंडाळलंय, ही तर कालची पोर. खालच्या पट्टीत घूंऽऽ आवाज आले, अगदी आपल्या इंजिनासारखे. मी बटण दाबलंच नाही. बाईंनी तेच आवाज मागेपुढे करून परत लावले. मग बाहेर काढून म्हणाल्या, आजोबा, ऐकू आलं की तुमची भुवई उडते. ऐकू येतंय असं खोटं सांगणारे रोज येतात, तुमच्यासारखा उलटा पहिलाच. कान तिशीतल्या माणसाचे आहेत म्हणाल्या आणि माझं अभिनंदन केलं. मी म्हटलं, पुन्हा एकदा लावून बघा.

दाराशी येऊन काकू म्हणाली, म्हणजे इतकी वर्षं माझं सगळं ऐकू येत होतं तर. माझं तोंड पाहून तीच आत गेली आणि पाणी घेऊन आली.

दिवेलागणीला पुन्हा कुंपणाशी बसलो. रवंथ ऐकू आलं. माशा ऐकू आल्या. रस्त्यापलीकडे कुणाच्या तरी सायकलची साखळी करकरत होती, तीही. अंधार पडेस्तोवर बसलो.

तुला तिकडे जे लिहायचं असेल ते लिहून टाक, माझ्यासाठी थांबू नकोस. या म्हाताऱ्यावर माया असू दे. आवाज आलाच तर कळवीन. कान शाबूत आहेत.

तुझा,
काका