बाबूजींची सात वाक्यं

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज उठावणा झाला, शोकाची बैठक. बाबूजींना, माझ्या सासऱ्यांना, जाऊन तीन दिवस.

आळ्यातली, नारायणगावातली आपली सगळी जैन माणसं आली होती. प्रत्येकानं त्यांच्या नावानं काहीतरी सोडण्याचा नियम घेतला. कुणी बटाटा, कुणी वर्षभर सूर्यास्तानंतरचं जेवण. नणंदेनं आइस्क्रीम सोडलं — तिचे दात तसेही दुखतात!

मग सासूबाई बोलल्या, "आमची चेतना इंग्रजीचा क्लास सोडेल."

सगळ्यांनी हात जोडले. एवढ्या वडीलधाऱ्यांत मी तोंड उघडलं नाही. पण हातही जोडले नाहीत. कुणी पाहिलं नसेल. मला माहीत आहे.

५ फेब्रुवारी

नियम माझ्या तोंडून निघालेला नाही. सोमवारी क्लास घेणार.

७ फेब्रुवारी

बाबूजी होते त्या शेवटच्या वर्गात 'गिव्ह अप' घेतलं होतं. माझी पद्धत अशी, की प्रत्येकानं घरचं एक वाक्य आणायचं. अंगणवाडीच्या लंकाबाई म्हणाल्या, "आमच्या मालकांनी तंबाखू गिव्ह अप केली. सात वेळा!" कुंडलिक ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये असतो. त्याचं वाक्य बिबट्याचं — वनखात्यानं दोन महिने वाट बघितली आणि पिंजरा उचलून नेला. दे गेव्ह अप. मी एसटीत म्हातारीला जागा दिल्याचं सांगितलं. तेही गिव्ह अपच.

बाबूजींचं वाक्य तयार होतं. "आय गेव्ह अप मिल्क."

दिवाळीपासून त्यांनी दूध सोडलं होतं. मोठ्या दिरांचा मुलगा संयम मेलबर्नला असतो, वय वर्षं सहा, मराठी येत नाही. त्याच्याशी फोनवर इंग्रजीत दहा वाक्यं बोलेपर्यंत दूध बंद. तोवर काळा चहा.

लंकाबाई हसल्या, "हरला व्हय बाबूजी, दुधापुढं?"

"हरलो कुठं? सोडलं," बाबूजी म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "दोन्हीला एकच शब्द? इंग्रजांचं काय खरं नाही."

सगळे हसले. पुढच्या वेळी नीट समजावते म्हटलं. पुढचा क्लास यायच्या आतच ते गेले. दहापैकी सात वाक्यं झाली होती.

१० फेब्रुवारी, सोमवार

क्लास घेतला. दुकानामागच्या गोडाऊनमध्ये, नेहमीच्या जागी. सहाच्या सहा आले. गठ्ठ्यांजवळची बाबूजींची खुर्ची कुणी हलवली नाही, तिच्यावर कुणी बसलंही नाही.

लंकाबाईंनी हळूच विचारलं, "चेतनाताई, क्लास बंद झाला असं कळलं व्हतं. आमी येऊ का नको?"

"यायचं," म्हटलं. "आज गिव्ह अपची उजळणी."

सगळं सांगितलं. एखादी गोष्ट जमेना म्हणून माणूस थकतो, ते एक. हातात असलेली गोष्ट आपण होऊन सोडतो, ते दुसरं. बाबूजींचं दुसरं.

घरात परतले तर सासूबाईंनी घर आणि गोडाऊनच्या मधल्या दाराला आतून कडी घातलेली. दुकानाकडून वळसा घालून आले.

११ फेब्रुवारी

"चारचौघांत बोललेला नियम मोडलास!" सासूबाई स्वयंपाकघरातच म्हणाल्या.

"बाई, तो माझा नियमच नव्हता. उद्या मी म्हटलं, आमच्या सासूबाई साखर सोडतील, तर ते तुमचं सोडणं होईल का? ज्याचं त्यानं सोडायचं असतं. तुम्हीच शिकवलंत."

चौदा वर्षांत पहिल्यांदा उलट बोलले. सासूबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या, "त्या क्लासपायी माणूस दुधाविना गेला गं. शेवटचा चहासुद्धा काळा प्यायले."

मी पोळ्या लाटत राहिले.

पण क्लास बंद करणार नाही. बाबूजी दर वेळी पाच मिनिटं आधी येऊन बसायचे. उगाच नाही.

१३ फेब्रुवारी

दूध उरतंय. सासूबाईंचा चहा दोन दिवस कोराच. "पित्त झालंय," म्हणाल्या. जास्त विचारलं नाही.

१४ फेब्रुवारी

क्लास घेतला. परत वळसा घालून घरात.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आज पाच मिनिटं आधी गोडाऊनमध्ये गेले. मधलं दार सताड उघडं. बाबूजींच्या खुर्चीवर सासूबाई. मांडीवर बाबूजींची वही.

"सात त्यांची झाली," म्हणाल्या. "तीन राहिलीत. ती मी बोलेन संयमशी. तोवर दूध बंद — आणि हा नियम माझ्या तोंडानं मी घेतलाय. चल, शिकव."